मूळ चाल

सोलापुरातली सगळ्यात निरोगी चाल माझी होती. हे मी म्हणत नाही, आमच्या सोसायटीचं पार्किंग म्हणायचं. शंभरापैकी सत्त्याण्णव गुण. आज मी चाकाच्या खुर्चीत बसून हे सांगतेय. मान पट्ट्यात आवळलेली आहे, आणि मांडीवरचा हात माझाच आहे हे मला त्याच्याकडे बघितल्यावर कळतं. पण ते सत्त्याण्णव गुण अजून कुणी खोडलेले नाहीत.

माझे यजमान राजशेखर कलशेट्टी. बंगल्यांच्या फाटकापासून पोर्चपर्यंतचे रस्ते आणि इमारतींची पार्किंगं डांबरी करून द्यायची, पुढे ती सांभाळायची, हा त्यांचा धंदा. मी त्यांना अजूनही अहो-जाहोच करते. सवयी पायांपेक्षा जास्त टिकतात, हे मला आता चांगलंच कळलंय.

डांबरावर त्यांचं प्रेम होतं, त्यात खोटं काही नाही. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो, तर हे हॉटेलच्या पार्किंगमध्ये उकिडवे बसून भेगेत काडी घालून तिची खोली बघत होते. "नंदा, भेग केसाएवढी असतानाच भरायची असते," ते म्हणाले. "एकदा पाणी आत गेलं की खालची खडी सुटती. मग वरनं कितीही डांबर चोपडा, उपयोग नाही." मी नवी नवरी, मला ते फार हुशार वाटले. ते वाक्य मी पुढे उभ्या संसारात ऐकत आले आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

मग गाड्या बॅटरीच्या झाल्या. पार्किंगमध्ये तेल ठिबकेनासं झालं, डांबर लवकर खराब होईना, दुरुस्तीची कामं आटली. तेव्हाच बंगळुरूच्या एका कंपनीनं तो नवा थर आणला आणि राजशेखरांनी सोलापूरची एजन्सी घेतली.

थराची गोष्ट तशी सोपी आहे. डांबरातून वीज वाहत नाही. पण त्यात केसासारखे बारीक कार्बनचे तंतू मिसळले, की ते एकमेकांना टेकतात आणि थोडी वीज वाहू लागते. वरून वजन पडलं की तंतू आणखी जवळ येतात, वीज जास्त वाहते. वजन उचललं की पुन्हा कमी होते. पार्किंगच्या कडेनं आणि थराच्या पोटातून तारा नेलेल्या असतात. त्या सांगतात, कुठं, किती आणि किती वेळ भार आला. कुणाच्या जागेत कुणाची गाडी उभी आहे हे ओळखायला तो थर बनवलेला. पण तो इतका हळवा निघाला की त्याला पावलंही कळू लागली. माणूस चालताना आधी टाच टेकवतो, मग भार पुढे सरकतो, मग चवड्यानं जमीन ढकलतो. प्रत्येक पावलाचा आलेख दोन वशिंडांच्या उंटाच्या पाठीसारखा निघतो. माणूस आजारी पडायच्या आधी त्याची चाल बिघडते. ती थराला आधी कळली, तर माणूस वाचतो. कंपनीनं हे ओळखलं, आणि पार्किंगचा थर डॉक्टर झाला.

फक्त निरोगी चाल म्हणजे काय, ते त्याला एकदा शिकवावं लागायचं. थर पूर्ण निवला की डॉक्टरांनी तपासलेली, वेगवेगळ्या वयाची माणसं त्यावरून चालवायची. त्यांच्या पावलांवरून थर शिकणार. त्याला कंपनी 'मूळ चाल' म्हणायची. पुढे येणाऱ्या प्रत्येकाची चाल या मूळ चालीशी ताडून बघायची आणि गुण द्यायचे.

राज्यातलं पहिलं पार्किंग आमच्याच सोसायटीत झालं. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला. पाहुणे ठरलेले, मांडव घातलेला, आणि थर पडला आदल्या दिवशी. सोलापूरचा वैशाख! थर निवायला तयार नाही. भर दुपारी चालायला सोसायटीतलं काळं कुत्रं येईना. राजशेखर घाम पुसत म्हणाले, "निरोगी माणसं कशाला शोधत बसायची? माझी टोळी काय कमी निरोगी आहे? डोंगर फोडतील एकेक जण."

मी टोळीसाठी ताक घेऊन खाली गेले होते. मुकादम इरण्णानं मला कडेलाच थांबवलं. "वैनी, पुढं येऊ नका. चप्पल चिकटंल. अजून गरम हाय." डांबर चिकटू नये म्हणून त्यांनी बुटांना डिझेल पुसलं होतं, त्याचा वास सुटला होता. मग ते सगळे त्या थरावरून इकडून तिकडे चालू लागले आणि मला हसू आवरेना. गरम डांबरावर चालायची त्यांची एक तऱ्हा असते. टाच टेकवायचीच नाही. टेकवली तर तळवा भाजतो आणि थरात खळगा उमटतो. चवड्यावर, तुकतुक, छोटी छोटी पावलं टाकत पुढे निघायचं.

"इरण्णा, कोंबड्यासारखं काय चालताय?" मी म्हटलं.

"आता सवयच पडली, वैनी. घरात बी असंच चालतो. बायको म्हणती, फरशी तापलीय का काय!"

कंपनीचा इंजिनियर गाडीत एसी लावून पडद्याकडे बघत बसला होता. तो काच खाली करून ओरडला, "सर, एकदम स्वच्छ नमुना! सगळ्यांची चाल तंतोतंत सारखी. असं दुसरीकडे कुठेच मिळालं नाही." राजशेखरांची छाती फुगली. तो नमुना इतका स्वच्छ होता की पुढे कंपनीनं सगळीकडच्या थरांत तोच भरला. आलेख उघडून कुणी पाहिले नाहीत. यंत्र आपलं आपण शिकतं म्हटल्यावर पाहायचे कशाला?

दर सोमवारी मोबाइलवर गुण येऊ लागले. पहिल्या सोमवारी सगळ्या सोसायटीला साठ-बासष्ट. कंपनीनं समजावलं, तुम्ही लोक बैठं काम करता, चालायचं विसरलात. आम्हाला लगेच पटलं. स्वतःबद्दल वाईट ऐकलं की माणसाला ते शास्त्रीय वाटतं. आणि थर अगदीच आंधळा नव्हता. सेक्रेटरी गुमास्त्यांच्या आईच्या तळपायाला जखम झाली होती. मधुमेहामुळे म्हातारीला ती कळलीच नव्हती. एका पायावर भार कमी येतोय हे थरानं सांगितलं आणि तिचा पाय वाचला. झालं. त्या दिवसापासून थराला देवाचा मान. विमावाले गुण विचारू लागले. लग्नाच्या पत्रिकेबरोबर मुलीची चाल मागू लागले. साठच्या खालच्या माणसाकडे लिफ्टमध्ये लोक कीव आल्यासारखं बघायचे. मीही बघायची.

सुरुवात माझ्या हातांपासून झाली. भाकरी थापताना पीठ बोटांना कळेना. लहानपणापासून ज्वारीची भाकरी थापलेली मी, आणि परातीतच तिच्या चिंध्या व्हायला लागल्या. मग ब्लाउजचे हुक लागेनात. मग एक दिवस भाजी घेऊन आले, तर गुमास्त्यांची सून मागून माझी चप्पल हातात घेऊन आली. "काकू, तुमची चप्पल गेटपाशीच राहिली." मी पायाकडे बघितलं. एक पाय अनवाणी होता आणि वैशाखातल्या डांबरावरून तसाच चालत आला होता. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

मी राजशेखरांना सांगितलं, "अहो, पाय लाकडासारखे झालेत. टाच टेकत नाही. मला दाखवून आणा कुणाला तरी."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काय बोलायलीस? हे बघ. मागच्या महिन्यात चौऱ्याहत्तर, आता ब्याऐंशी. सगळ्या सोसायटीत तुझी एकटीची चाल सुधरायलीय."

"मला चालता येईना नीट."

"तुला वाटतं तसं. डांबर कशाला खोटं बोलेल? त्याचं काय वैर आहे तुझ्याशी?"

तरी मी हट्ट धरला, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्याआधी माझे गुण बघितले. हल्ली सगळेच तसं करतात. "ब्याऐंशी? बाई, मलाच शिकवा तुमच्यासारखं चालायला!" दोघे मनसोक्त हसले. मला जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. त्या पाकिटातून काढायला मला दातांची मदत घ्यावी लागायची.

आणि मग माझ्या गुणांचा बाजार मांडला गेला. नवीन गिऱ्हाईक आलं की राजशेखर मला खाली बोलवायचे. इरकल साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज. "या माझ्या मिसेस. वय छप्पन्न. आता बघा." मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. पडद्यावर आकडा चढायचा, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव. लोक टाळ्या वाजवायचे. मी पडू नये म्हणून सगळा जीव गोळा करून चालायची, आणि मी जितकी घाबरून तुकतुक चालायची तितका आकडा वर जायचा. रात्री पाय आपोआप उडायचे. राजशेखर दुसऱ्या कुशीवर वळून झोपायचे.

उलगडा झाला तो इरण्णाच्या मुलीच्या लग्नात. अक्कलकोट रोडवरचं मोठं मंगल कार्यालय, एसी लावलेला, खाली गुळगुळीत थंडगार फरशी. अक्षता पडल्यावर आहेर करायला इरण्णाची सगळी टोळी फेटे बांधून रांगेनं निघाली, आणि मीही त्यांच्याबरोबर निघाले. स्टेजमागे मोठा पडदा होता. समोर चाललेलं सगळं त्यावर दिसत होतं. कॅमेरा खाली, पायांकडे आला. थंड फरशीवरून ते सगळे तापलेल्या डांबरावरून चालल्यासारखे चालले होते. चवड्यावर, तुकतुक, टाच अधांतरी. मला त्या दिवशीसारखं हसू आलं. आणि त्या बुटांच्या रांगेत मला इरकलीचे काठ दिसले. त्यांच्याखाली माझे पाय. तसेच. तंतोतंत तसेच.

थर निरोगी चाल शिकला होता तो या माणसांकडून. यांची टाच टेकत नव्हती, कारण यांना भाजायची सवय होती. माझी टाच टेकत नव्हती, कारण माझ्या आत काहीतरी मरत चाललं होतं. थराला दोन्ही एकच. मी जितकी पांगळी होत गेले तितकी त्याच्या लेखी निरोगी होत गेले.

परतताना गाडीत मी राजशेखरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसण्यावारी नेतील. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. तेव्हाच मला कळलं की त्यांना पटलंय.

"मंगळवारी हैदराबादची माणसं येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या सगळ्या हॉस्पिटलांची पार्किंगं आहेत. तेवढं होऊ दे. बुधवारी मी स्वतः तुला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतो."

"अहो, भेग आता केसाएवढी राहिली नाही."

ते ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. पण क्षणभरच. "तीन-चार दिवसांनी काय बिघडतंय? आणि थर खोटा ठरला तर सगळी पार्किंगं उकरावी लागतील. इरण्णा काय खाईल? आजच पोरीचं लग्न केलंय त्यानं." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. कित्येक वर्षांनी घेतला असेल. मला तो नीट जाणवलाही नाही, पण घेतलाय हे दिसत होतं. मी हो म्हटलं.

मंगळवारी सकाळी हैदराबादचे चार पाहुणे खुर्च्या टाकून बसले. इरण्णानं थर झाडून घेतला होता. मी निघाले. मधोमध पोचले तेव्हा पडद्यावर सत्त्याण्णव आले. टाळ्या पडल्या. राजशेखरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, शाळेतल्या पोराला शाबासकी द्यावी तशी. त्याच वेळी डावा पाय उचललाच गेला नाही. चाकं अडवायला जमिनीवर सिमेंटचा कट्टा असतो ना, त्यावर माझी हनुवटी आदळली आणि मान मागे गेली.

दुखलं नाही. तेच भयंकर होतं. गाल डांबराला टेकला होता, ऊन ऊन लागत होतं, टोळीच्या बुटांचा डिझेलचा वास येत होता, आणि मानेखाली मी नव्हतेच. इरण्णा "वैनी, वैनी" करत धावला. तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. थर माणसाला पावलांवरून ओळखतो. पावलं थांबली की माणूस संपला. संदेश आला होता: 'ए-सातसमोर बेवारस वस्तू. त्वरित हटवावी.'

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर वडगबाळकर बाईंनी राजशेखरांना माझ्यासमोरच बसवून सांगितलं. मानेच्या मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबत होती. मेंदूचे निरोप खाली पोचेनात, म्हणून पाय ताठले, टाच उचलली गेली, बोटं बधिर झाली. "पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, हे तर अगदी सुरुवातीचं लक्षण. तेव्हा आणलं असतं तर आज या चालत घरी गेल्या असत्या. अशा मानेला पडल्याचा एक धक्काही पुरतो. तुम्ही वाट कसली बघत होता?"

"गुण चांगले होते, डॉक्टर," राजशेखर म्हणाले.

बाई उठून गेल्या. हैदराबादची ऑर्डर मिळाली. उन्हानं मला चक्कर आली असं पाहुण्यांना सांगितलं होतं, आणि थरानं शेवटच्या पावलापर्यंत अचूक मोजलं म्हणून ते उलट खूशच झाले.

आता राजशेखर माझं सगळं करतात. भरवतात, केस विंचरतात, संध्याकाळी खुर्ची गॅलरीत आणून लावतात. माझा उजवा हात थोडा हलतो, तोंड पूर्ण चालतं. नवरा असावा तर असा, असं बायका एकमेकींना सांगतात. मी घरात रोज एकच विचारते, "कंपनीला कधी कळवणार?" ते रोज म्हणतात, "बघू." आमचा पहिला मजला. खाली सगळं पार्किंग दिसतं. मी लोकांचे पाय बघत बसते.

गेल्या सोमवारी संध्याकाळी स्नेहल यन्नम शाळेतून आली. तिसऱ्या मजल्यावर राहते, मुलांना खो-खो शिकवते, अजून चाळिशीही गाठलेली नाही. लिफ्टकडे निघालेली. चवड्यावर. तुकतुक. मध्येच तिची उजवी चप्पल पायातून निसटली आणि तिथेच राहिली. ती तशीच पुढे गेली, एक पाय अनवाणी. थर दिवसभर तापलेला होता.

राजशेखर माझ्यामागे उभे होते. त्यांनीही बघितलं. मला ठाऊक आहे, कारण खुर्चीच्या मुठीवरचे त्यांचे हात एकदम आवळले गेले. त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. बेवारस वस्तू, हटवावी. ते झटकन खाली गेले. मला वाटलं, आता सांगतील. देवाशपथ वाटलं.

त्यांनी चप्पल उचलली, झटकली आणि वाकून तिच्या पायापाशी ठेवली. "काय मॅडम, किती झाले या सोमवारी?"

"नव्वद, काका!" ती लाजत हसली. "सोसायटीत पहिली आले."

"अभिनंदन," राजशेखर म्हणाले.

मी ओरडले. मानेचा पट्टा गळ्यात रुतेपर्यंत ओरडले. "स्नेहल! ते गुण खोटे आहेत! तुझी टाच टेकत नाहीये! चप्पल पडलेली कळली नाही तुला! माझं असंच झालं होतं, आजच्या आज मेंदूच्या डॉक्टरकडे जा! याला विचार, याला सगळं माहीत आहे!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

गाडी लावणारे थांबले. गुमास्ते थांबले. राजशेखरांनी माझ्याकडे वर बघितलं, मग हळूच दोन बोटं आपल्या कपाळाला लावली आणि स्नेहलला म्हणाले, "पडल्यापासनं असं होतंय. मनावर घेऊ नका. ज्यांचे गुण जास्त, त्यांच्यावर रोज चिडती."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. फार मायाळू पोरगी आहे. तिनं मला खालूनच हात केला, "काकू, विश्रांती घ्या हं," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. राजशेखर ती आत जाईपर्यंत तिच्या पायांकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माणसं आणून गॅलरीला जाड काच बसवून घेतली. मला वारा बाधू नये म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. सोलापुरात, मे महिन्यात.